कॉलेज बास्केटबॉलचं शेड्यूल, ड्राफ्ट आणि मधेच निघून जाणारी पोरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची, २०२१ ला मास्टर्ससाठी इंडियानात वेस्ट लाफायेटला परड्यू युनिव्हर्सिटीत आले. पहिल्याच हिवाळ्यात रूममेट मला ओढून मॅकी अरेनात मॅचला घेऊन गेली आणि तेव्हापासून हे वेड लागलं ते लागलंच. आता घरचे, भाचे कंपनी, इथे नवीन आलेली मराठी पोरं सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. उदाहरणं परड्यूची जास्त येतील कारण ती मी डोळ्यांनी बघितलीयेत.

कॉलेजची टीम म्हणजे आपल्याकडे इंटर-कॉलेजला असते तशी का?

नाव तेच, बाकी काहीच तसं नाही. इथे एनसीएए नावाची संस्था आहे, तिच्या सगळ्यात वरच्या गटात ३६० च्या आसपास कॉलेजं खेळतात. मॅकीमध्ये १४ हजारांच्या वर माणूस बसतो आणि मॅचला तो भरलेला असतो, बाहेर उणे दहा तापमान असलं तरी पोरं रांगेत उभी असतात. छत घुमटासारखं आहे, त्यामुळे आवाज बाहेर जातच नाही, तिथेच घुमत राहतो. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला काही सांगायचं असेल तर तिच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या सोमवारी फायनल असते. मधे मार्चमध्ये ती मोठी बाद फेरीची स्पर्धा, जिला सगळे मार्च मॅडनेस म्हणतात. २०११ पासून त्यात ६८ टीम असतात. ३० च्या वर कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणारे कॉलेजांचे गट, आहेत त्यांचे विजेते थेट आत, बाकीच्या टीम एक कमिटी निवडते. हे लक्षात ठेवा, कारण शेड्यूलचा सगळा खेळ त्या कमिटीभोवती फिरतो.

शेड्यूल बनवतं कोण?

एकच माणूस किंवा एकच ऑफिस बनवतं असं नाही, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

एका टीमच्या साधारण तीस-एकतीस मॅच होतात. त्यातल्या १८ ते २० आपल्या कॉन्फरन्समधल्या, त्या कॉन्फरन्सचं ऑफिस ठरवतं. परड्यू बिग टेनमध्ये आहे, तिथे २० मॅच. पण आता बिग टेनमध्ये दहा नाही तर १८ टीम झाल्यात, म्हणजे प्रत्येकाशी दोनदा खेळणं शक्यच नाही, मग तीन टीमशी दोनदा आणि चौदा टीमशी एकेकदा असा हिशोब बसवतात. उरलेल्या दहा-अकरा मॅच, नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या, त्या कोच आणि त्याचा स्टाफ स्वतः जमवतात. अक्षरशः फोन करून, दुसऱ्या कोचला मेसेज करून, तुमच्याकडे अमुक तारीख मोकळी आहे का, यंदा तुम्ही आमच्याकडे या पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे येतो, असं. लग्नाचा हॉल बुक करण्यासारखंच असतं ते, हॉल मोकळा तर भटजी नाही आणि भटजी मोकळा तर मुहूर्त नाही. परत त्याच अरेनात मुलींच्या मॅच, कॉन्सर्ट, पदवीदान सगळं असतं, डिसेंबरमध्ये सेमिस्टरची परीक्षा असते तेव्हा मॅच कमी ठेवायच्या असतात. आणि हे सगळं जमलं की टीव्हीवाले येऊन सांगतात की ही मॅच शनिवारी दुपारी नाही मंगळवारी रात्री नऊला.

एक छोटी गोष्ट सांगते. युटाची ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी धार्मिक कारणामुळे रविवारी खेळतच नाही, त्यामुळे मार्चच्या स्पर्धेत त्यांना गुरुवार-शनिवारच्याच बाजूला टाकावं लागतं. सगळा ड्रॉ त्यासाठी हलवावा लागतो पण हलवतात.

छोट्या कॉलेजला पैसे देऊन हरायला बोलावतात म्हणे?

हरायला नाही, खेळायला. पण हो, पैसे देऊन. मोठ्या कॉलेजला आपल्या घरी जास्तीत जास्त मॅच हव्या असतात, तिकिटं विकली जातात, जिंकण्याची शक्यता जास्त असते. छोट्या कॉलेजला पैसा हवा असतो, त्यांच्या अख्ख्या क्रीडा विभागाचं बजेट त्यावर चालतं. मग एका मॅचचे नव्वद हजार, लाख डॉलर असे देऊन त्यांना बोलावतात, आणि मोठी टीम बदल्यात त्यांच्या गावी जात नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंटकीनं एव्हन्सव्हिलला असंच बोलावलं. एव्हन्सव्हिल आमच्या इंडियानाच्या दक्षिण टोकाला आहे, लहान कॉलेज. केंटकी तेव्हा देशात पहिल्या नंबरवर. ९० हजार डॉलर दिले आणि स्वतःच्या मैदानावर ६७-६४ हरले. आणि तीच एव्हन्सव्हिलची टीम नंतर आपल्या कॉन्फरन्समध्ये अठराच्या अठरा मॅच हरली. मला ही मॅच फार आवडते कारण त्या पोरांच्या वाट्याला त्या वर्षी आनंदाचं फार काही आलं नाही पण ती एक रात्र त्यांची कायमची झाली.

मग मोठ्या टीम सरळ सगळ्या सोप्याच मॅच का घेत नाहीत?

कमिटी. नुसते विजय मोजत नाहीत, कुणाला आणि कुठे हरवलं ते बघतात. २०१८-१९ पासून नेट नावाची क्रमवारी वापरतात आणि सगळ्या मॅच चार टोपल्यांत टाकतात. पहिल्या टोपलीतला विजय म्हणजे सोनं. त्यात यायला स्वतःच्या घरी पहिल्या ३० मधली टीम हरवायला लागते, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधली चालते, आणि समोरच्याच्या घरात जाऊन पहिल्या ७५ मधली हरवली तरी चालते. म्हणजे परक्या गावात जिंकणं किती अवघड ते त्यांनी आकड्यातच मान्य केलंय. जो कोच नोव्हेंबरात घाबरून सोप्या मॅच घेतो त्याला मार्चमध्ये किंमत मोजावी लागते. आणि सगळ्याच अवघड घेतल्या तर नवीन पोरांचा आत्मविश्वास डिसेंबरपर्यंत संपतो. मीठ किती घालायचं हे ज्याला कळतं तोच चांगलं शेड्यूल करतो.

नोव्हेंबरमध्ये सगळे हवाईला काय करायला जातात?

ही गोष्ट मला नीट सांगायचीये कारण ड्राफ्टचा, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्याचा, विषयही इथूनच सुरू होतो.

डिसेंबर १९८२. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी देशात पहिल्या नंबरवर, त्यांचा राल्फ सॅम्पसन, सात फूट चार इंच, कॉलेजमधला सगळ्यात मोठा खेळाडू. जपानहून परत येताना वाटेत होनोलुलूला थांबले आणि शॅमिनाड नावाच्या एका चिमुकल्या कॉलेजशी मॅच खेळले, जिथे सगळे मिळून हजाराच्या आत विद्यार्थी. शॅमिनाड ७७-७२ नं जिंकलं. कुणाचाच विश्वास बसेना. त्या एका मॅचच्या जोरावर शॅमिनाडनं १९८४ पासून माउई बेटावर स्पर्धा भरवायला सुरुवात केली, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, मोठमोठ्या टीम बोलवून. अशा तीन दिवसांत तीन मॅचच्या स्पर्धा आता पुष्कळ आहेत पण माउईची गोष्ट वेगळी, अडीच हजार लोकांचं छोटं जिम, आत घाम आणि बाहेर समुद्र. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लहैना गाव आगीत जळलं तेव्हा स्पर्धा होनोलुलूला न्यावी लागली.

आता सॅम्पसनबद्दल. तो दरवर्षी ड्राफ्टमध्ये पहिला गेला असता, दरवर्षी लोक त्याच्या मागे लागायचे, तरी तो चार वर्षं व्हर्जिनियात राहिला, १९८३ ला गेला तेव्हा पहिलाच गेला. कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद त्याला चारही वर्षांत मिळालं नाही. लोकांनी तेव्हा त्याला वेड्यात काढलं, आजही काढतात. त्याच्यानंतर दुसरा कुणी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरायला चाळीस वर्षं जावी लागली, आणि तो निघाला आमचा परड्यूचा झॅक ईडी. त्याच्याकडे येतेच.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव का?

नाही. लिलावात जो जास्त बोली लावेल त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नाहीच, पाळी असते. जूनमध्ये एनबीएच्या ३० टीम पाळीपाळीनं एकेक नाव घेतात, दोन फेऱ्या. जी टीम प्लेऑफला, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीला, गेली नाही तिला वरची पाळी मिळण्याची शक्यता जास्त, पण पहिली कोण ते चिठ्ठ्यांसारखं लॉटरीनं ठरतं. खेळाडूला निवड नाही, जिथे नाव आलं तिथे जायचं.

पैशाचा भाग समजून घ्या, कारण सगळे निर्णय त्यावर होतात. पहिल्या फेरीत नाव आलं तर पगाराचा तक्ता ठरलेला आणि पहिली दोन वर्षं पक्की, दुखापत झाली तरी. २०२५ ला पहिला गेलेला कूपर फ्लॅग, त्याचा पहिल्या वर्षाचाच पगार एक कोटी डॉलरच्या वर. दुसऱ्या फेरीत नाव आलं तर काहीच पक्कं नाही. म्हणजे तिसावा आणि एकतिसावा यांच्यात खेळाचा फरक नसेलही पण आयुष्याचा असू शकतो.

पोरं कॉलेज अर्धवट सोडून जायला कधीपासून लागली?

आधी परवानगीच नव्हती. एनबीएचा नियम होता की शाळा सुटून चार वर्षं झाल्याशिवाय येता येणार नाही. स्पेन्सर हेवूड नावाचा मुलगा मिसिसिपीचा, घरात दहा भावंडं, आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात हे चित्र कुणाला समजावून सांगायला लागणार नाही. तो कॉलेज सोडून पुढे सिॲटलच्या टीममध्ये गेला, एनबीएनं आडकाठी केली म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९७१ ला सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं कौल दिला. त्यानंतर नियम आला की घरची परिस्थिती हलाखीची आहे हे दाखवलं तर लवकर येऊ देऊ, आणि १९७६ ला ती अटही काढली.

मला राग कधी येतो, तर लोक म्हणतात पोरं पैशासाठी पळतात तेव्हा. अहो हा हक्कच मुळी एका आईच्या कापसाच्या ओझ्यातून आलाय.

‘वन अँड डन’ काय भानगड आहे?

नव्वदीत पोरं कॉलेजला न जाता शाळेतूनच थेट जायला लागली, १९९५ ला केव्हिन गार्नेट, पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट, २००३ ला लेब्रॉन जेम्स. मग २००५ च्या करारात नियम आला की ड्राफ्टच्या वर्षी वय १९ व्हायला हवं आणि अमेरिकन मुलगा असेल तर शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. २००६ च्या ड्राफ्टपासून लागू. एक वर्ष कुठेतरी घालवायचं तर बहुतेक जण कॉलेजात घालवतात, एक सीझन खेळले की चालले. केव्हिन ड्युरांट टेक्सासला एकच वर्ष होता. केंटकीनं तर यावर अख्खी पद्धत उभारली, २०१२ ला विजेतेपद जिंकलं आणि त्याच वर्षी त्यांचे सहा खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले, त्यातला अँथनी डेव्हिस पहिला. फ्लॅगनं शाळा एक वर्ष आधीच संपवली होती, त्यामुळे ड्यूकला एक वर्ष खेळून ड्राफ्टला गेला तेव्हा तो १८ चाच होता, १९ वं डिसेंबरात लागायचं होतं.

माझं मत विचाराल तर नियम अर्धवट आहे. ज्याला जायचंय त्याला शाळेतून जाऊ द्या, नाहीतर नीट दोन-तीन वर्षं राहू द्या. हे एक वर्ष म्हणजे ना घर का ना घाट का.

एकदा ड्राफ्टला नाव दिलं की कॉलेजला परत येता येतं का?

येतं, पण तारखा पाळाव्या लागतात. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून २०२३ च्या खऱ्या तारखा घेऊन सांगते.

३ एप्रिलला कॉलेजची फायनल झाली. २२ जूनला ड्राफ्ट होता. नाव देण्याची शेवटची तारीख ड्राफ्टच्या ६० दिवस आधी, म्हणजे २३ एप्रिल. म्हणजे फायनलनंतर वीस दिवस. मे महिन्याच्या मध्यावर शिकागोला कंबाइन, तिथे निवडक पोरांना बोलावतात, उंची मोजतात, हाताची लांबी मोजतात, पळवतात, उड्या मारायला लावतात, टीमवाले मुलाखती घेतात. आणि परत यायचं असेल तर एनसीएएची तारीख कंबाइन संपल्यावर दहा दिवस, म्हणजे ३१ मे. एनबीएची स्वतःची माघारीची तारीख ड्राफ्टच्या दहा दिवस आधी, १२ जून, पण तिचा कॉलेजच्या पोराला उपयोग नाही, ३१ मे हुकली की कॉलेज जवळजवळ संपलंच. जवळजवळ म्हणाले कारण २०१८ पासून, कंबाइनला बोलावलेला मुलगा ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही तर त्याला ठरावीक मुदतीत परत येता येतं.

आधी तर याहून वाईट होतं. २०१६ च्या आधी काही वर्षं परत यायचं की नाही हे एप्रिलमध्येच सांगावं लागायचं, कंबाइन व्हायच्या आधी! म्हणजे निकाल लागायच्या आधी पोरानं सांगायचं की पास झालो की नापास. २०१६ ला ते बदललं, आणि २०१८ पासून मान्यता असलेला एजंटही धरता येतो, परत आला की त्याच्याशी संबंध तोडायचा.

आता विचार करा, एकोणीस वर्षांचा मुलगा. एप्रिलमध्ये सेमिस्टर संपायला आलंय, असाइनमेंट आहेत, कोच म्हणतो राहा, एजंट म्हणतो जा, दुसऱ्या कॉलेजचे लोक कुणाकुणाकडून निरोप पाठवतात की आमच्याकडे ये, घरचे वेगळंच, आणि या सगळ्यासाठी हातात आठ आठवडे. आपल्याकडे बारावीनंतर कॅप राउंडमध्ये सीट घ्यायची की पुढच्या राउंडला थांबायचं, यावर अख्खं घर दोन दोन रात्री झोपत नाही, ते आठवा.

झॅक ईडी का थांबला? तो गेला असता तर?

झॅक ईडी टोरोंटोचा, सात फूट चार इंच. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे उशिरा आला. २०२२-२३ मध्ये तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, परड्यूला मार्चमध्ये पहिलं मानांकन मिळालं. १७ मार्च २०२३, पहिलीच मॅच, समोर न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन, सोळावं मानांकन, उंचीनं सगळ्या देशात सगळ्यात ठेंगणी टीम. आम्ही ६३-५८ हरलो. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्यानं पहिल्याला हरवण्याची ही इतिहासातली फक्त दुसरी वेळ. मी ती मॅच अपार्टमेंटमध्ये आठ-दहा जणांबरोबर बघितली, डाळ-खिचडी केली होती ती तशीच राहिली. मॅच संपल्यावर कुणी टीव्हीसुद्धा बंद केला नाही, तसाच चालू राहिला जाहिरातींसकट.

झॅकनं २१ पॉइंट, १५ रिबाउंड केले होते तरी देशभर त्याचंच नाव निघालं. त्यानं ड्राफ्टला नाव दिलं. आणि देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू असूनही बहुतेक जाणकारांचा अंदाज होता की दुसऱ्या फेरीत जाईल, कारण आता एनबीएत उंच आणि सावकाश खेळाडूंना पूर्वीइतका भाव नाही. मे महिनाभर आम्ही वाट बघत होतो. ३१ मेला, अगदी शेवटच्या दिवशी, त्यानं सांगितलं की परत येतोय.

आणि मग शेड्यूल बघा काय होतं. नोव्हेंबरमध्ये होनोलुलूला हलवलेली माउईची तीच स्पर्धा, गोन्झागा, टेनेसी आणि मार्केट (Marquette) या तिन्ही कॉलेजांना हरवून जिंकली. ९ डिसेंबरला अलाबामाशी मॅच, कुठे तर टोरोंटोत. आपल्या मोठ्या खेळाडूच्या गावी एक मॅच ठेवायची ही कॉलेजमधली जुनी चांगली पद्धत आहे, शाळेतले शिक्षक, शेजारी, आजी-आजोबा सगळ्यांना तो खेळताना दिसावा म्हणून. त्यानं गावकऱ्यांसमोर ३५ टाकले. पुढच्या आठवड्यात इंडियानापोलिसला ॲरिझोना, तेव्हा देशात पहिल्या नंबरवर, त्यांना ९२-८४ हरवलं. त्या मॅचला मी होते, तोवर नोकरी लागून इंडियानापोलिसला राहायला आले होते, आणि आमच्या मागच्या रांगेत सत्तरीचे एक आजोबा उभे राहून रडत होते. वर्षाच्या शेवटी परड्यू १९८० नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारात, मग फायनल. आणि झॅक पुन्हा देशातला सर्वोत्तम, सॅम्पसननंतर लागोपाठ दोनदा ठरलेला पहिला.

जून २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तो नवव्या नंबरवर मेम्फिसला गेला. पहिल्याच वर्षाचा पगार पन्नास लाख डॉलरच्या वर. जो मुलगा एक वर्ष आधी दुसऱ्या फेरीचा म्हणत होते तो. म्हणून सगळ्यांनी थांबावं असं मी मुळीच म्हणत नाहीये. त्याच वर्षी त्याचा गुडघा गेला असता तर हीच गोष्ट उलटी सांगितली असती.

झॅक परदेशी होता म्हणून त्याला पैसे मिळत नव्हते हे खरं का?

खरं आहे, आणि इथे एफ-१ व्हिसावर आलेल्या प्रत्येक मराठी पोराला हे लगेच कळेल. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून, सह्या विकून पैसे मिळवता येतात, त्याला एनआयएल म्हणतात. पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्यानं अमेरिकेत अशी कामं केली तर ते बेकायदेशीर काम धरलं जाण्याची भीती. आपण कॅम्पसवर वीस तासांच्या वर काम केलं तर जी धास्ती असते तीच धास्ती. शेजारच्या लॉकरमधला अमेरिकन पोरगा गाड्यांच्या शोरूमची जाहिरात करतोय आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू नुसता बघतोय. केंटकीचा ऑस्कर शिब्वे, काँगोचा, त्यानं यावर वाट काढली, २०२२ च्या ऑगस्टमध्ये टीम बहामाला गेली होती तेव्हा अमेरिकेबाहेर राहून जाहिरातीची कामं उरकून घेतली. देशाच्या हद्दीबाहेर काही दिवस मिळाले तेवढ्यात. म्हणजे झॅक थांबला तो पैशासाठी थांबला असं म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

मग आता पोरं जास्त थांबतात का?

हो, स्पष्ट दिसतंय. २०२१ ला लवकर ड्राफ्टसाठी नाव देणारे ३५३ होते. २०२५ ला १०६. दुसऱ्या फेरीत जाऊन कच्च्या करारावर खेळण्यापेक्षा कॉलेजला राहून जास्त मिळायला लागलं. त्यात जुलै २०२५ पासून कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत.

पण थांबतात म्हणजे तिथेच थांबतात असं नाही. ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजात जातात. २०२५ ला यॅक्सेल लेंडेबोर्गनं ड्राफ्टमधून नाव मागे घेतलं पण आधीच्या अलाबामा-बर्मिंगहॅमला परत न जाता मिशिगनला गेला. लहान कॉलेजच्या चाहत्यांचं यात फार वाईट वाटतं मला. पोरगं घडवायचं त्यांनी आणि मोठं झालं की न्यायचं दुसऱ्यानं.

पोरगं राहणार की जाणार हेच माहीत नसताना कोच शेड्यूल कसं ठरवतात?

अंदाजानं. बऱ्याच मॅचचे करार दोन दोन, तीन तीन वर्षं आधी झालेले असतात, तेव्हा आज दहावीत असलेला मुलगा तेव्हा टीममध्ये असेल या हिशोबानं. मोठ्या स्पर्धांची आमंत्रणंही आधीच. जो भाग मोकळा ठेवतात तो एप्रिल-मेमध्ये भरतात, म्हणजे नेमका त्याच आठ आठवड्यांत जेव्हा पोरं विचार करत असतात. मोठा खेळाडू थांबला तर टीव्हीवाल्यांना ती टीम हवीच असते, तटस्थ मैदानावरच्या भारी मॅच येतात. तो गेला तर त्याच अवघड शेड्यूलला अठरा वर्षांची नवी पोरं तोंड देतात. करार मोडता येतो पण दंड भरावा लागतो.

मला वाटतं यातला सगळ्यात मोठा दोष तारखांचा आहे. पोरांना लोभी म्हणतात, कोचना स्वार्थी म्हणतात, पण कॉलेजचं कॅलेंडर, पोर्टलचं कॅलेंडर आणि एनबीएचं कॅलेंडर एकमेकांशी न बोलता बनवलेलं आहे आणि ते तिन्ही येऊन एकाच मुलाच्या एप्रिल-मेवर आदळतात.

कॉन्फरन्स बदलल्यामुळे प्रवास खूप वाढला का?

खूप. २०२४ ला लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी बिग टेनमध्ये आली, फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशासाठी. आता तिथली पोरं न्यू जर्सीला रटगर्सशी खेळायला येतात, चार हजार किलोमीटरच्या आसपास, घड्याळात तीन तासांचा फरक, आणि परत जाऊन सकाळी लेक्चर.

डिग्रीचं काय होतं?

काहींची राहते, काही नंतर पूर्ण करतात. व्हिन्स कार्टर नॉर्थ कॅरोलायना तीन वर्षांत सोडून गेला, पण शिकत राहिला, आणि मे २००१ मध्ये सकाळी पदवीदानाला हजर राहून त्याच दिवशी फिलाडेल्फियाला प्लेऑफची सातवी मॅच खेळला. टीम एका पॉइंटनं हरली, शेवटचा शॉट त्याचाच चुकला. लोकांनी खूप बोल लावले. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर केलं पोरानं.

मुलींना पण असं लवकर जाता येतं का?

जवळजवळ नाही. डब्ल्यूएनबीएला, म्हणजे मुलींच्या एनबीएला, अमेरिकन मुलीचं त्या वर्षी वय २२ व्हायला हवं किंवा शिक्षणाची चार वर्षं झालेली हवीत. आयोवाच्या केटलिन क्लार्कला कोविडमुळे एक जास्तीचं वर्ष मिळत होतं पण चार वर्षं खेळून ती २०२४ ला गेली, पहिल्या नंबरवर, आमच्या इंडियाना फीव्हरला.

आपल्याकडचं कुणी या वाटेनं गेलंय का?

सिम भुल्लर. पंजाबी कुटुंब, जन्म टोरोंटोचा, सात फूट पाच इंच. न्यू मेक्सिको स्टेटला दोन सीझन खेळून २०१४ ला लवकर ड्राफ्टला गेला आणि कुणीच घेतलं नाही. तेव्हा परतीची वाट नव्हती. पण एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जनं त्याला दहा दिवसांचा करार दिला आणि तो एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू झाला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत जन्मलेले. त्याच वर्षी पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग कॉलेजला न जाता ड्राफ्टमध्ये ५२ वा गेला, भारतात जन्मलेला पहिला. आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्सच्या दोन मॅच झाल्या, तिथे गेलेल्या माझ्या चुलतभावानं तिकीट अजून जपून ठेवलंय.

भारतातून मॅच किती वाजता दिसतात?

सकाळी. इथली रात्री नऊची मॅच हिवाळ्यात भारतात साडेसातला, मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे गेली की साडेसहाला. फायनल नेहमी सोमवारी रात्री असते, म्हणजे भारतात मंगळवारी पहाटे उठायला लागत नाही, सकाळचा चहा घेऊन बसता येतं.

२०२४ ची फायनल ८ एप्रिलला होती. त्याच दिवशी दुपारी इंडियानापोलिसला खग्रास सूर्यग्रहण होतं, भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले, आणि रात्री परड्यू विरुद्ध कनेक्टिकट. भारतात तेव्हा ९ तारीख, सकाळचे सात वाजायला आलेले, गुढीपाडवा. मी आईला व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता, मधे मधे ती फोन ओट्यावर ठेवून गुढीची तयारी करत होती, कडुलिंब, साखरेची माळ. झॅकनं ३७ पॉइंट केले तरी आम्ही ७५-६० हरलो. आईनं गुढी उभारून झाल्यावर फोन उचलला आणि विचारलं, “मग तो उंच मुलगा आता जाणार का गं?”

जाणार होता. त्याची चार वर्षं झाली होती.